गादीवाफा आणि जमिनीचा हक्क

यवतमाळची काळी माती कसदार, हे कबूल. पण ती चिकण. पावसाळ्यात फुगते, पाणी धरून बसते, उन्हाळ्यात भेगाळते. मग वस्तीतल्या घरामागच्या वांगी-मिरचीची मुळे कुजली, तर दोष बाईच्या हाताचा नसतो. पुसद-उमरखेडकडे हळद गादीवाफ्यावर लावतात, ती उगाच नाही. तीन-चार फूट रुंद, वीतभर उंच वाफा. त्यात भरपूर शेणखत, कुजलेला पालापाचोळा. दोहो बाजूंना पाणी काढणारी सरी. ओल्या वाफ्यात पाय मात्र देऊ नका, माती दगडासारखी बसते.

पण बांधवांनो, परसबागेचे धडे देणारे भूमिहीनाला जमिनीबद्दल कधी विचारतात काय? १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तो दोन वाफ्यांसाठी नव्हता! २००४ मध्ये त्यांच्याच नावाने सबलीकरण योजना आली : चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती. २०१८ पासून तिला शंभर टक्के अनुदान आहे. तरी सरकारी दरात जमीन विकायला कोण पुढे येतो? गायरानाचा प्रश्न तर वेगळाच.

तेव्हा मृगाआधी वाफे जरूर करा, आणि त्याच आठवड्यात समाजकल्याण कार्यालयात जमिनीचा अर्जही द्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका.