ताटलीऐवजी फळी, पण भुशाचे काय?

पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांत ताटल्या मागे पडून लाकडी फळ्या पुढे आल्या आहेत. पिझ्झा फळीवर, चीज फळीवर, कुठे कुठे तर थालीपीठ आणि लोण्याचा गोळाही फळीवर. एक टोक गोल, दुसऱ्या टोकाला मूठ आणि मुठीत टांगण्यासाठी भोक, असा तिचा नेहमीचा घाट. प्रदर्शनांत पानाच्या, माशाच्या, आंब्याच्या आकाराच्या फळ्याही मांडलेल्या दिसतात. विकत घेणारा हमखास एक प्रश्न विचारतो: लाकूड खाण्यासाठी सुरक्षित आहे ना? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. फळीवरून खाणाऱ्याच्या पोटाची चौकशी होते. ती कापणाऱ्याच्या नाकाची आणि फुप्फुसांची होत नाही. आणि धोक्याचा हिशेब मांडला तर दुसरी बाजू कितीतरी जड भरते.

आधी खाणाऱ्याची काळजी मिटवलेली बरी. लाकूड पाणी शोषते, त्यात जंतू लपतात, म्हणून प्लॅस्टिक स्वच्छ, असा समज घट्ट बसलेला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा समज प्रयोगाला लावला आणि १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लाकडावर टाकलेले जंतू आत शोषले गेले, पण तिथे वाढले नाहीत, हळूहळू मेले. नवे प्लॅस्टिक सहज धुतले गेले, मात्र सुरीचे चरे पडलेले प्लॅस्टिक हाताने नीट स्वच्छ होईना. याचा अर्थ लाकूड जंतुनाशक आहे असा नाही. कच्च्या मटण-मासळीसाठी फळी वेगळीच हवी, आणि धुतल्यावर ती उभी करून पूर्ण वाळवायला हवी. पण पिढ्यान्‌पिढ्या लाकडी पोळपाटावर पोळ्या लाटणाऱ्या आणि काठवटीत पीठ मळणाऱ्या घरांना लाकडाची भीती बाळगण्याचे काही कारण नाही.

तेलाचा मुद्दा थोडा नाजूक आहे. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल चोळले तर ते काही दिवसांत खवट होते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन, हवे तर त्यात थोडे मधमाश्यांचे मेण, हा साधा उपाय आहे. हार्डवेअरच्या दुकानातले ‘उकळलेले’ जवसाचे तेल मात्र वेगळी चीज आहे. ते लवकर वाळावे म्हणून त्यात बहुधा धातूंची संयुगे मिसळलेली असतात. शिवाय जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. चिंधी पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी. इतके सांभाळले की खाणाऱ्याचा प्रश्न संपला.

करणाऱ्याचा इथे सुरू होतो. पूर्वी असा वळणदार घाट काढायला करवत, रंधा, कानस आणि बराच वेळ लागे. आता ते काम राऊटर करतो. (घरात वाय-फाय देतो तो नव्हे, मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेऱ्या मारणारे पाते असलेले सुताराचे यंत्र.) त्याच्या जोडीला येतो साचा, म्हणजे सुतार ज्याला फर्मा म्हणतात तो. बारा मिलिमीटरच्या एमडीएफचा किंवा प्लायवुडचा फर्मा एकदाच जपून, गुळगुळीत घासून तयार करायचा. तो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने फळीवर बसवायचा. राऊटरच्या पात्याला जोडलेले छोटे बेअरिंग फर्म्याच्या कडेवरून फिरते आणि पाते खालचे लाकूड नेमके त्याच रेषेत कापते. पहिली फळी आणि शंभरावी फळी तंतोतंत सारखी. नवशिक्यालाही जमावे इतके हे सोपे आहे, आणि इंटरनेटवरचे व्हिडीओ पाहून बाल्कनीत, गॅरेजमध्ये फळ्या करणाऱ्या हौशी मंडळींचे तेच मोठे आकर्षण आहे.

फर्म्याला दोष देण्यात अर्थ नाही. उलट बोटांच्या दृष्टीने तो उपकारक आहे, कारण हात अंदाजाने फिरत नाही, ठरलेल्या कडेला धरून फिरतो. अपघात होतात ते दिशा चुकल्याने. हातातला राऊटर फळीच्या बाहेरच्या कडेने घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचा असतो. सुलट फिरवला की पाते लाकूड पकडून यंत्रच पुढे खेचते. गोल टोकावर जिथे लाकडाचे धागे आडवे कापले जातात, तिथे घाई केली तर ढलपी उडते, आणि ती डोळ्याकडेही उडू शकते. चष्मा लागतो, तसेच कानाला संरक्षणही लागते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असे धरले जाते. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९७ डेसिबलला जेमतेम अर्धा तास. राऊटर सहज तिथे पोहोचतो.

पण डोळा आणि कान यांची आठवण निदान होते तरी. धुळीला कुणी धोका समजतच नाही. लाकूड नैसर्गिक, त्याचा वासही चांगला. मग भुशाने काय होणार? इंग्लंडमधील हाय विकम या खुर्च्यांसाठी नावाजलेल्या गावात याचे उत्तर मिळाले. तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफिल्ड यांच्याकडे नाकातल्या एका अत्यंत दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण येऊ लागले, आणि ते बहुतेक फर्निचरच्या कारखान्यांतले कामगार होते. १९६० च्या दशकात डोनाल्ड अॅचेसन आणि इतरांसह त्यांनी केलेल्या पाहणीतून कठीण लाकडाच्या धुळीशी असलेला संबंध पुढे आला. धूळ नाकात गेल्यापासून रोग दिसेपर्यंत कित्येक दशके जात, म्हणून तोवर कुणाला दुवा लागला नव्हता. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातली. त्या यादीत तंबाखूचा धूर आहे, अॅस्बेस्टॉस आहे. एमडीएफच्या गोंदातून सुटणारे फॉर्मल्डिहाइडही पुढे त्याच यादीत गेले. कर्करोग दूरची गोष्ट वाटत असेल, तर दमा आणि त्वचेची खाज जवळची आहे. सागवान आणि शिसव या दोन्ही लाकडांतली रसायने काहींच्या अंगावर पुरळ उठवतात.

आता एका फळीचा साधा हिशेब. चाळीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद, दोन सेंटिमीटर जाड फळी. जिगसॉने ढोबळ कापून कडेला तीन मिलिमीटर लाकूड राऊटरसाठी ठेवले, तर सुमारे ७२ घनसेंटिमीटर, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास लाकडाचा भुसा होतो. युरोपीय संघाने कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा, आठ तासांच्या कामाची सरासरी म्हणून, घनमीटर हवेत दोन मिलिग्रॅम ठरवली आहे. दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीत २८ घनमीटर हवा असते. तिथे ही पातळी गाठायला ५७ मिलिग्रॅम पुरतात. पन्नास ग्रॅमचा जवळपास नऊशेवा भाग! बहुतेक भुसा जड असतो, खाली पडतो, हे खरे. पण नऊशेतला एक भाग तरंगत राहायला फार काही लागत नाही, आणि पॉलिश पेपरने घासताना निघणारी धूळ तर त्याहून बारीक असते. डोळ्यांना ती फक्त उन्हाच्या तिरपीत दिसते.

याच हिशेबात एक स्वस्त उपायही दडलेला आहे. तीनऐवजी दीड मिलिमीटर लाकूड ठेवून जिगसॉने जवळून कापले की राऊटरचा भुसा निम्मा होतो, पात्याचा झटकाही कमी बसतो. त्यासाठी एक रुपया लागत नाही. फक्त पहिले कापणे सावकाश करावे लागते, आणि तेच कुणाला नको असते. बाकीचे उपाय पैशांचे आहेत. कडेचे काम करताना पात्याची अर्धी बाजू उघडी राहते, म्हणून हातातल्या राऊटरची धूळ नळीत नीट ओढली जात नाही. टेबलावर उलटा बसवलेला राऊटर आणि मागे शोषणारी नळी असेल तर बरीच पकडली जाते. घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो. हेपा फिल्टर हवा. तोंडाला बांधलेला रुमाल मनाच्या समाधानापुरता. एन-९५ मुखपट्टी, तीही चेहऱ्याला घट्ट बसणारी. आणि शेवटी ब्लोअर मारून टेबल साफ करण्याची जी सार्वत्रिक सवय आहे, ती बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर आणते. ओल्या फडक्याने पुसावे.

महिन्याला दोन फळ्या करणारा हौशी माणूस यावर म्हणेल, एवढ्याने काय कॅन्सर होतो? बहुधा नाही. पुरावा वर्षानुवर्षे रोज धूळ खाणाऱ्या कामगारांचा आहे, आणि तो हौशी माणसाच्या माथी तसाच मारणे अन्यायाचे ठरेल. पण बाल्कनीतली धूळ दार ओलांडून झोपायच्या खोलीत येते, आणि घरात दमेकरी मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर ‘एवढ्याने’चा अर्थ बदलतो. अशा घरात हे काम करूच नये.

खरा प्रश्न दिवसाला चाळीस फळ्या काढणाऱ्याचा आहे. उत्तर प्रदेशातील सहारणपूर, राजस्थानातील जोधपूर इथून आंबा, शिसम, बाभूळ यांची लाकडी भांडी देशात आणि परदेशांत जातात. बरेचसे काम लहान कारखान्यांत चालते. कामगारांची संख्या ठरावीक आकड्याखाली असली की कारखान्यांसाठीची कायदेशीर तपासणी तिथे पोहोचत नाही. वीस वर्षांनी नाकातून रक्त येऊ लागलेल्या कारागिराने आपल्या कामाचा नि रोगाचा संबंध कुणापुढे सिद्ध करायचा? तोवर मालक बदललेला असतो, कारखाना बंद पडलेला असतो, हजेरीपट तर बहुतेक वेळा नसतोच.

परदेशी खरेदीदार लाकूड कुठल्या जंगलातून आले याचे प्रमाणपत्र मागतात; शिसमाच्या जातीच्या लाकडावर तर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधने आहेत. तेल खाण्यायोग्य आहे का, हेही ते तपासतात. झाडाची आणि ग्राहकाची अशी चौकशी होऊ शकते, तर कारागिराची न होण्याला तांत्रिक अडचण नाही. शंभर फळ्यांची ऑर्डर देणाऱ्या इथल्या हॉटेलवाल्याने लाकूड, माप आणि तेल यांच्यानंतर आणखी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: राऊटरच्या टेबलाला धूळ ओढणारे यंत्र जोडलेले आहे का, आणि घासकाम करणाऱ्याला मुखपट्टी कोण देते. फळीमागे त्याचे चार पैसे जास्त पडतील, ते बिलात मिळवून घ्यावेत.