हेवी लायसन काढण्यापूर्वी

वस्तीतली बरीच मुले आमच्याकडे ट्रक शिकवणाऱ्या शाळेची चौकशी करायला येतात. वीस वर्षे पूर्ण आणि हलक्या वाहनाचे लायसन वर्षभर जुने असेल तरच पुढचे बोला, असे आम्ही सांगतो. आठवी पासची अट २०१९ साली गेली, हे अजून अनेकांना ठाऊक नाही.

फीसाठी घरात आईची पोत गहाण पडते. म्हणून पैसे भरण्याआधी शाळेचा आरटीओ परवाना पाहावा, त्यात जड वाहन आहे की नाही ते वाचावे. शिकवायचा ट्रक स्वतः पाहावा. मास्तरांच्या पायाशीही ब्रेक हवा.

१९८९ च्या नियमांप्रमाणे जड वाहनाचे शिक्षण किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष चालवणे १५ तास. आता हिशेब करा (आमचा जन्म हिशेबातच गेला!). एका ट्रकवर चार मुले, रोज एक तास. प्रत्येकाच्या वाट्याला १५ मिनिटे, महिन्याचे साडेसात तास. म्हणजे निम्मेच! २०२१ च्या नियमांनुसार मान्यता मिळालेल्या केंद्रांत तर हाच अभ्यासक्रम ३८ तासांचा आहे.

“चाक हातात न घेता सर्टिफिकेट देतो” म्हणणारा एजंट गाठ पडतोच. माल भरलेली गाडी कसारा घाट उतरताना तो शेजारी नसतो.

बंधूंनो, संध्याकाळी शाळेच्या दारात उभे राहा. बाहेर पडणाऱ्या मुलांनाच विचारा, आज चाक किती वेळ हातात होते?