गुरुजींच्या शिदोरीत काय आहे?

शाळेची इमारत, पोषण आहार, गणवेश, पाठ्यपुस्तके, संगणक कक्ष अशा नाना गोष्टींची चर्चा शिक्षणाच्या नावाने सतत होत असते. त्या चर्चेत एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पहिलीच्या वर्गात मुलांसमोर जो शिक्षक उभा राहतो, त्याने त्यांना वाचायला नेमके कसे शिकवावे, हे त्याला कोणी सांगितले आहे काय? सांगितले असेल, तर कोणत्या भाषेत आणि कोणत्या अनुभवाच्या आधारे?

हा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्राच्या अभ्यासकांचा नाही. ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार २०१८ साली पाचवीतील ५०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. करोनाकाळातील दीर्घ शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण ४२.८ टक्क्यांपर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये ते ४८.८ टक्क्यांवर आले. तिसरीच्या वर्गात तर चारांतील जेमतेम एक मूल या पातळीवर आहे. म्हणजे पाच वर्षे शाळेत काढूनही देशाच्या ग्रामीण भागातील निम्म्याहून अधिक मुले दुसरीच्या धड्याशी अडखळतात. ही मुले बुद्धीने कमी आहेत, असे म्हणण्यास काहीही आधार नाही. जे मूल तिसरीपर्यंत वाचू लागत नाही, त्याला पुढे इतिहास, विज्ञान, गणितातील उदाहरणे असे सारेच विषय परके होत जातात. ते वर्गात बसलेले असते, हजेरीपटावर त्याचे नावही असते. पण शिक्षण त्याच्या डोक्यावरून वाहून जाते.

लिपी आपली, पद्धत कोणाची?

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने पायाभूत साक्षरतेला अग्रक्रम दिला. त्यानुसार ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले आणि २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठरले. उद्दिष्ट स्तुत्य आहे. परंतु उद्दिष्ट कागदावर उमटले म्हणजे वर्गात उतरते असे नाही. वर्गात उतरते ती शिक्षकाच्या हातातील साधने आणि त्याच्या मनातील समज.

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वाचनशिक्षणाविषयी जगभर जे वाङ्मय उपलब्ध आहे, त्याचा फार मोठा भाग इंग्रजीच्या अनुभवावर उभा आहे. इंग्रजीत अक्षरे २६, ध्वनी मात्र चाळीसहून अधिक. एकच ध्वनी अनेक प्रकारे लिहिला जातो. त्यामुळे मुलांना ध्वनींपासून शिकवावे की संपूर्ण शब्दांपासून, हा वाद तेथे अनेक दशके चालला. अमेरिकेत २००० साली राष्ट्रीय वाचन मंडळाचा आणि इंग्लंडमध्ये २००६ साली रोझ समितीचा अहवाल आला तो या वादाच्या पार्श्वभूमीवर. त्या देशांनी आपल्या लिपीची अडचण ओळखून आपले उत्तर शोधले. त्यांचे प्रयत्न आदराने अभ्यासावेत. पण त्यांचे उत्तर जसेच्या तसे उचलून मराठी वर्गात आणणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा चढवण्यासारखे आहे.

देवनागरीची अडचण निराळी आहे. येथे वर्ण आणि उच्चार यांचा मेळ बराच घट्ट आहे, पण शिकण्याच्या आकृत्या पुष्कळ आहेत. सुमारे छत्तीस व्यंजने आणि प्रत्येकाची बारा रूपे धरली, तर नुसती बाराखडीच चारशेच्या पुढे जाते. त्यावर जोडाक्षरे निराळी. ‘कि’ मधील वेलांटी लिहिली जाते आधी, पण उच्चारली जाते नंतर. ‘अर्क’ मधील रफार उच्चारला जातो ‘क’ च्या आधी आणि बसतो ‘क’ च्या डोक्यावर. ‘कमळ’ या शब्दातील शेवटचा ‘ळ’ पूर्ण उच्चारायचा नसतो, हे कोणतेही चिन्ह सांगत नाही. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा. अक्षरे तीच, पण ‘ज’ चा उच्चार वेगळा. तो कसा करायचा हे केवळ अर्थावरून कळते. ‘चार’ आणि ‘चारा’ यांचेही तसेच. म्हणजे मराठीत अक्षर आणि अर्थ यांची फारकत करून वाचन शिकवणे लिपीच्या स्वभावालाच धरून नाही.

डॉ. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनावर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजीच्या तुलनेत अक्षरसंच आत्मसात होण्यास आपल्या लिपींमध्ये अधिक काळ लागतो आणि हे काम प्राथमिक शाळेची काही वर्षे चालू राहते, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात मराठीचा आणि कर्नाटकातील यादगीर येथे कन्नडचा असा तीन वर्षांचा अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. वर्गातील बराचसा वेळ घोकण्यात आणि फळ्यावरचे उतरवून घेण्यात जातो, अर्थाला आणि मुलाच्या स्वतःच्या बोलण्याला जागा फार थोडी मिळते, असे चित्र त्यात दिसते. पहिलीच्या दिवाळीपर्यंत बाराखडी संपवून मोकळे होण्याची जी घाई शाळांना आणि पालकांना असते, ती किती अनाठायी आहे, हे या दोन्ही अभ्यासांवरून लक्षात यावे.

विस्मरणात गेलेली परंपरा

शिक्षकासाठी मराठीतून व्यावसायिक साहित्य निर्माण करणे ही काही नवी कल्पना नाही. एकोणिसाव्या शतकात मराठी शिक्षकांसाठी ‘शालापत्रक’ निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यानंतर विष्णुशास्त्री यांनी त्याचे संपादन केले. पुढे १८७४ पासून ‘निबंधमाले’तून धगधगीत लेखन करणाऱ्या विष्णुशास्त्रींची लेखणी आधी शाळामास्तरांसाठी झिजली होती, ही गोष्ट आज किती जणांना ठाऊक आहे?

विसाव्या शतकात गिजुभाई बधेका यांच्या सहवासात घडलेल्या ताराबाई मोडक यांनी ‘शिक्षणपत्रिके’तून बालशिक्षणाचा विचार मराठी घराघरांत नेला. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह जे काम उभे केले, ते तर शिक्षकाच्या साधनांचा वस्तुपाठच होते. वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. महागडी परदेशी साधने परवडत नाहीत म्हणून शंख, शिंपले, बिया, पाने, माती हीच शैक्षणिक साधने झाली. मुलाच्या घरच्या बोलीला वर्गात मान मिळाला. या साऱ्याची शिस्तशीर नोंद त्यांनी ठेवली आणि ती इतर शिक्षिकांना शिकवली. अलीकडच्या काळात फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनशिक्षणाची जी पद्धत घडवली, तीही वर्गातल्या अनुभवातूनच आली. जन्माने अमेरिकन असलेल्या विदुषीला मराठी लिपीचा जो विचार करावासा वाटला, तो मराठी विद्यापीठांना किती प्रमाणात करावासा वाटला?

अशा पद्धतींचे सूत्र सोपे आहे. संपूर्ण मुळाक्षरे एका दमात घोकून घेण्याऐवजी चार-पाच अक्षरे आणि एक काना घ्यावा. म, क, न, ल एवढ्यांतूनच मामा, काका, नाक, कान, मका, काम, कमान असे शब्द उभे राहतात. आठवड्याभरात मुलाला आपण वाचतो आहोत याचा आनंद मिळतो. मग पुढचा गट. जोडीला शिक्षकाने रोज एक गोष्ट वाचून दाखवावी आणि मुलाने सांगितलेले वाक्य फळ्यावर लिहून त्याच्याकडूनच वाचून घ्यावे. यात खर्च जवळजवळ नाही. पण हे का करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि मूल अडले तर अडचण कोठे आहे हे कसे ओळखायचे, हे शिक्षकाला माहीत असावे लागते.

दोष एकट्या शिक्षकाचा नाही

शिक्षक वाचत नाहीत, पगार घेतात पण शिकवत नाहीत, असा सूर मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत नेहमी ऐकू येतो. कामचुकार माणसे प्रत्येक व्यवसायात असतात. शिक्षकी पेशाही त्याला अपवाद नाही. परंतु ज्याला शिकवण्याची इच्छा आहे त्याच्या हाती समाजाने काय दिले, याचाही हिशेब व्हायला हवा. वैद्याला नवे ग्रंथ आणि परिषदा लागतात, वकिलाला निकालांचे संग्रह लागतात. शिक्षकाला मात्र परिपत्रके मिळतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांवर सोपवता येत नाहीत. तरीही माहिती भरण्याच्या कामातून शिक्षकाची सुटका नाही. १९८६ च्या शिक्षण धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था जन्मास आल्या त्या शिक्षकाच्या पाठीशी ज्ञानाचे बळ उभे करण्यासाठी. २०१७ पासून ‘दीक्षा’ हे डिजिटल व्यासपीठ आणि २०१९ पासून ‘निष्ठा’ प्रशिक्षण यांचीही भर पडली. या साधनांचा उपयोग आहेच. पण प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र हे ध्येय ठरले, की वर्गातले मूल नजरेआड होते. पडद्यावरची चित्रफीत शिक्षकाला पाठ दाखवू शकते. त्याच्या वर्गातले अमुक मूल ‘कि’ ला ‘इक’ का वाचते, हे ती सांगू शकत नाही. ते सांगू शकतो शेजारच्या वर्गातला अनुभवी सहकारी.

म्हणून केंद्रस्तरीय शिक्षण परिषदा सूचना ऐकण्याच्या जागा न राहता वाचनशिक्षणाच्या अभ्यासमंडळ्या झाल्या पाहिजेत. एका शिक्षकाने पाठ घ्यावा, इतरांनी तो पाहावा, मुलांच्या चुकांच्या नोंदी समोर ठेवून चर्चा व्हावी. वारली, कातकरी, कोरकू, गोंडी, भिली बोलणाऱ्या मुलांच्या शिक्षकांना त्या बोलींचे शब्दसंग्रह हाताशी मिळावेत. विद्यापीठांच्या मराठी आणि शिक्षणशास्त्र विभागांनी देवनागरी वाचनावर मराठीतून संशोधन करावे आणि ते गुरुजींना कळेल अशा भाषेत छापावे.

समाजाचे कर्तव्य

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठी माणसाने पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण आपली मुले इंग्रजी माध्यमात धाडून मराठीच्या अभिजाततेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने स्वतःला एक प्रश्न विचारावा. ज्या जिल्हा परिषद शाळेत उद्याचा मराठी वाचक घडतो आहे, त्या शाळेतल्या शिक्षकाशी आपला संबंध काय? शासनाकडे बोट दाखवणे सोपे आहे. वाढदिवसाच्या खर्चातून एखाद्या शाळेला गोष्टींची पन्नास पुस्तके देणे, सेवानिवृत्त मराठी शिक्षकाने आठवड्यातून दोन दिवस वस्तीवरच्या मुलांना वाचून दाखवणे, गावच्या ग्रंथालयात शिक्षकांसाठी एक स्वतंत्र कपाट उभे करणे, अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्याने गृहपाठ उरकून घेण्याआधी प्रत्येक मुलाकडून पाच ओळी वाचून घेणे, यांतल्या कोणत्याही कामाला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला घरचे शिदोरी बांधून देतात. गुरुजी तर एका संपूर्ण पिढीला घेऊन निघाले आहेत. त्यांची शिदोरी रिकामी राहिली, तर वाटेत उपाशी राहणार आहेत ती मुले.