वाड्याची भाडेपावती

पेठांमधला एखादा वाडा पडला की आम्ही मराठी शिकवणारे हळहळतो आणि दोष बिल्डरच्या माथी मारून मोकळे होतो. भाडेपावती मात्र कुणी वाचत नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांसाठी १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले. कौले, वासे, गवंड्याची मजुरी वाढतच गेली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मूळ रक्कमच चिल्लर! दुरुस्ती हे मालकाचे कर्तव्य, छप्पर ही भाडेकरूची गरज. दोघांचेही खरे होते, म्हणूनच वाडा कोसळला. मग आमच्या वर्गात मालक केवळ कंजूष आणि भाडेकरू केवळ बिचारा का ठरावा? वाड्यांवरचे लेखन ती पावती शेजारी ठेवून पुन्हा वाचावे, असे आम्हांस वाटते.