तरणतलावाला सावली नको?

बडोद्याच्या मे महिन्याविषयी आम्हा गोवेकरांनी बोलू नये. आमच्याकडे पारा चौतीसवर गेला की ‘मेलो’ म्हणणारी माणसे आम्ही; तिथे तो चाळिशी ओलांडतो आणि दुपारी दांडिया बाजारात कुत्रेसुद्धा रस्ता ओलांडत नाही. तरीही यंदा मे महिन्यात आठ दिवस बडोद्याला काढले, ते मावशीसाठी. मावशी मूळची फोंड्याची. लग्न होऊन तिकडे गेली त्याला साठ वर्षे होत आली. बोलते मराठी, मध्येच गुजराती, आणि राग आला की अस्सल कोकणी.

मावसभावाने भायलीला बंगला बांधला आहे, आणि मागच्या अंगणात आठ मीटर लांब, चार मीटर रुंद असा निळाशार तरणतलाव. “दादा, आता तुला समुद्राची आठवण यायची नाही,” असे म्हणाला. दुपारी चार वाजता पाण्यात उतरलो आणि आठवण आली ती आमच्या जुन्या न्हाणीघरातल्या भाणाची. पाणी चक्क कढत! थर्मामीटर टाकून पाहिला, पस्तीस अंश.

गरम तर गरम, अंघोळ समजायची, असे वाटून मी ते हसण्यावारी नेले. पण तिसऱ्या दिवशी त्याची दहा वर्षांची मुलगी तासभर खेळून बाहेर आली ती डोके धरूनच, आणि उलटी झाली. पाण्यात असलेल्या माणसाला उष्णता बाधेल हे कोणाच्या मनातच येत नाही. खरे तर घाम वाळतो म्हणून अंग निवते. पाण्यात घाम वाळणार कसा? २०१० साली फुजैराच्या समुद्रात दहा किलोमीटरच्या शर्यतीत फ्रॅन क्रिपन हा अमेरिकेचा कसलेला जलतरणपटू दगावला. त्या दिवशी पाणी फार तापलेले होते. आता खुल्या पाण्यातील शर्यतींना ३१ अंशांची कमाल मर्यादा आहे. आमच्या पोरीचे पाणी त्याच्याही वर चार अंश.

मग उपाय सुरू झाले. भावाने बर्फाच्या कारखान्यातून तीन लाद्या आणल्या. पोरांची चंगळ झाली, पाणी मात्र जेमतेम एक अंशाने उतरले आणि दुसऱ्या दुपारी होते तिथे परत. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तलावात सुमारे ४५ हजार लिटर पाणी. ते एक अंशाने निववायला चारशे किलो बर्फ लागतो. आणि ऊन? मे महिन्यात त्या तलावावर दिवसभरात जेवढे ऊन पडते ते सगळे पाण्यात मुरले तर पाणी जवळजवळ चार अंशांनी तापेल. म्हणजे रोज बारा लाद्या! पाणी थंड करणारे यंत्रही मिळते. त्याची किंमत ऐकून भाऊ गप्प बसला.

हिशेबाची दुसरी बाजू मात्र मजेची निघाली. पाण्याची वाफ होते तेव्हा ती बर्फापेक्षा कितीतरी जास्त उष्णता घेऊन जाते. त्याच तलावातले नुसते ऐंशी लिटर पाणी, म्हणजे चार बादल्या, उडून गेले की बाकीचे सगळे पाणी एक अंशाने निवते. माठात हेच होते. बडोद्याची कोरडी हवा तर याला फारच सोयीची. पण तलावावर रात्रंदिवस फुगेवाल्या प्लास्टिकचे पारदर्शक आच्छादन पसरलेले! ‘पाणी स्वच्छ राहते’ म्हणून कोणी तरी ते गळ्यात मारले होते. थंड देशातले लोक पाणी तापावे म्हणून जे घालतात ते आम्ही बडोद्याच्या मे महिन्यात घातले होते.

हे सगळे मी मावशीला सांगत होतो. ती म्हणाली, “उदकाक सावळी जाय रे बाबा. तो लिंब कापलास ना?” ती भावाकडे बघत होती.

तेव्हा कळले. तलावाच्या पश्चिमेला मोठा कडुनिंब होता. पाने पाण्यात पडतात, जाळी तुंबते, म्हणून बांधकामवाल्याच्या सल्ल्याने तो तोडला. माझा राग आहे तो इथे. ऊन हवे म्हणून झाड तोडायचे, मग ऊन लागते म्हणून बर्फ आणायचा. पाने काढायला एक जाळे आणि दहा मिनिटे पुरतात.

त्याच गावात, लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात, नवलखी वाव आहे. पॅलेस १८९० मध्ये पुरा झाला. वाव त्याच्याही चारशे पंच्याऐंशी वर्षे आधीची, १४०५ सालची. तिच्या तोंडाशी उभे राहिले तरी खालचा गारवा जाणवतो. उघड आहे: पाणी खोल, वाट अरुंद, ऊन तिथपर्यंत पोचतच नाही, आणि थंड हवा जड म्हणून खालीच बसून राहते. घरामागे कोणी वाव खणावी असे माझे म्हणणे नाही. पण पाणी तापूच द्यायचे नाही, ही साधी गोष्ट या गावाला सहाशे वर्षे ठाऊक होती.

आम्ही आच्छादन काढून टाकले. तलावावर रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी जाळी ताणून बांधली. वर नुसती हवा खेळेल एवढी उंच. पंप दिवसाऐवजी रात्री चालवायचा, आणि त्याच पाण्याचे कारंजे करून उडवायचे. पाचव्या दिवशी सकाळी थर्मामीटरने तीस दाखवले. उडालेल्या पाण्याची भरपाई करावी लागते हे खरे, पण बर्फापुढे ती काहीच नाही.

गोव्यात मात्र कारंज्याचा हा उपाय लंगडा पडेल. आपली मे महिन्याची हवा आधीच ओली. तिच्यात पाणी उडणार किती? आपल्याकडे खरा आधार सावलीचाच. मंगेशीची तळी उघडीच आहे म्हणाल, तर ती खोल आहे; गुडघाभर निळ्या फरशीची नाही. केसरवाळच्या झरीचे पाणी तर जमिनीच्या पोटातूनच गार येते आणि वाहून जाते. आणि आता बार्देशात गल्लीगल्लीत जे बंगले उठताहेत, त्यांच्या मागचे तलाव भरतो टँकर, आणि पहिली कुऱ्हाड पडते ती आंब्या-फणसावर. झाड तोडायला १९८४ च्या कायद्याने परवानगी लागते, ती मागितली जाते आणि बहुधा मिळतेही.

आमच्या वाड्यावरही असा एक बंगला होतो आहे. मागच्या फणसावर लाल रंगाची फुली मारलेली मी बडोद्याला जाण्यापूर्वीच पाहिली होती आणि शेजाऱ्याशी उगाच वाकडेपणा नको म्हणून गप्प बसलो होतो. काल परत आलो तेव्हा फणस अजून उभा होता. मालक शनिवारी येतात असे गवंड्याने सांगितले. हिशेबाचा कागद आणि थर्मामीटर घेऊन जाणार आहे.