घोड्याचे चिलखत आणि रास्त भाव

भाव ठरविण्याचा प्रश्न व्यापाराइतकाच जुना आहे, आणि प्रत्येक नव्या मालाबरोबर तो नव्याने उभा राहतो. ज्या मालाला वजन नाही, जो हाताळता येत नाही आणि ज्याची एक प्रत तयार झाल्यावर लाखो प्रती काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही, त्याचा रास्त भाव कोणता? व्हिडिओ गेमच्या धंद्यात हा वाद गेली वीस वर्षे चालू आहे. आमच्या बहुतेक वाचकांचा या खेळांशी संबंध मुलांच्या हातातील मोबाईलपुरताच असेल. तथापि या धंद्यात जे घडले, त्यात प्रत्येक दुकानदाराने व कारागिराने ध्यानात घ्यावे असे पुष्कळ आहे.

पूर्वी गेमची कॅसेट किंवा सीडी विकली की व्यवहार संपत असे. इंटरनेट आल्यावर कंपन्या मूळ गेम विकून झाल्यानंतर त्याचे जोडभाग वेगळ्या किमतीला विकू लागल्या. हा जोडभाग म्हणजे कधी नवा प्रदेश, कधी नवे पात्र, तर कधी नुसता नवा पोशाख. गिऱ्हाईक पैसे भरते आणि तो भाग आपल्या यंत्रावर डाऊनलोड करून घेते. धंद्यात याला डीएलसी म्हणतात.

एप्रिल 2006 मध्ये बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने आपल्या ‘ऑब्लिव्हियन’ या गेमसाठी घोड्याचे चिलखत विक्रीस काढले. एक्सबॉक्स यंत्रावर त्याची किंमत अडीच डॉलर होती. घोडा सजला, पण खेळात फारसा फरक पडला नाही. गिऱ्हाइकांनी एवढा गिल्ला केला की आजही महागड्या व निरुपयोगी जोडभागाला घोड्याच्या चिलखताचीच उपमा देतात. पुढे मार्च 2007 मध्ये त्याच कंपनीने त्याच गेमसाठी ‘शिव्हरिंग आयल्स’ नावाचा जोडभाग 30 डॉलरला विकला. त्यात संपूर्ण नवा प्रदेश, नवी पात्रे व नवे कथानक होते. बारा पट किंमत देऊनही लोकांनी तो आनंदाने घेतला. अडीच डॉलर महाग ठरले आणि तीस डॉलर रास्त ठरले! गिऱ्हाईक आकडा पाहते, पण त्या आकड्याच्या बदल्यात पदरात काय पडले, हे त्याहून अधिक पाहते.

काही जण म्हणतात की प्रत काढण्यास खर्च नाही, तेव्हा हा माल फुकटच मिळाला पाहिजे. हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. जरीकाम करणाऱ्या कारागिराला गिऱ्हाईक केवळ कापड व जरीचे पैसे देत नाही, त्याच्या हाताचे आणि नजरेचेही पैसे देते. नक्षीचा पहिला नमुना तयार करण्यात जे दिवस जातात, त्यांचा मोबदला पुढच्या प्रत्येक नगावर थोडाथोडा वसूल होतो. गेम बनविणारे चित्रकार, संगीतकार व संगणक तंत्रज्ञ हेही कारागीरच आहेत. त्यांच्या मेहनतीला दाम मिळाला पाहिजे.

परंतु मेहनतीचा दाम मागणे वेगळे आणि विकलेल्या मालातील भाग अडवून ठेवणे वेगळे. मार्च 2012 मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर क्रॉस टेक्केन’ हा गेम बाजारात आला. गिऱ्हाइकांनी विकत घेतलेल्या डिस्कवरच बारा पात्रे कुलूपबंद करून ठेवली होती, आणि ती खुली करण्यासाठी नंतर वेगळे पैसे मागण्यात येणार होते. सर्व खेळाडूंची यंत्रे परस्परांशी जुळावीत म्हणून असे केले, असा कंपनीचा खुलासा होता. गिऱ्हाइकांना तो पटला नाही, आणि त्यात नवल नाही. शिंप्याने शेरवानी शिवून द्यावी, बटणे खिशात घालून खिसा शिवून टाकावा आणि तो उसवण्याची मजुरी निराळी मागावी, असा हा प्रकार. मूळ माल पुरा देऊन वर काही विकणे हा धंदा आहे. मूळ माल उणा ठेवून तोच पुन्हा विकणे म्हणजे मापात पाप.

याहून वाईट प्रकार बंद पेटीचा. पैसे भरा, पेटी उघडा, निघेल ते घ्या. यात वस्तूचा भाव नसतो, नशिबाचा असतो. एप्रिल 2018 मध्ये बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने अशा पेट्या तेथील कायद्यानुसार जुगारात मोडतात असा निर्णय दिला. आमच्या मते हा निर्णय योग्यच होता. काय विकत घेतो आहोत हे ज्यात गिऱ्हाइकाला कळत नाही, त्या व्यवहारात रास्त भाव असूच शकत नाही. आणि अशा पेट्या उघडणारे हात पुष्कळदा अल्पवयीन मुलांचे असतात.

आणखी एक गोष्ट. विकलेला माल टिकतो का? युबीसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ हा मोटार शर्यतीचा गेम 31 मार्च 2024 रोजी बंद केला. तो कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालत नसल्याने विकत घेतलेला गेम आणि त्याचे जोडभाग दोन्ही निकामी झाले. गिऱ्हाइकाला मालकी मिळालीच नव्हती, मिळाला होता तो केवळ वापरण्याचा परवाना. कॅलिफोर्निया राज्याने 1 जानेवारी 2025 पासून असा परवाना विकताना ही गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणे विक्रेत्यांना बंधनकारक केले आहे. भाड्याने दिलेल्या वस्तूला विक्रीचा भाव लावू नये, एवढेच आमचे म्हणणे.

सचोटीने हा धंदा करता येत नाही असे कोणी समजू नये. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने 2015 मध्ये ‘द विचर 3’ हा गेम काढला, तेव्हा सोळा लहान जोडभाग सर्व गिऱ्हाइकांना मोफत दिले. मग दोन मोठे भाग विकले, एक सुमारे 10 डॉलरला व दुसरा सुमारे 20 डॉलरला. ‘ब्लड अँड वाइन’ या दुसऱ्या भागाला तर 2016 मध्ये एका प्रतिष्ठित पुरस्कार समारंभात त्या वर्षीच्या सर्वोत्तम भूमिकाप्रधान गेमचा मान मिळाला. किरकोळ वस्तू खुशीने द्यावी आणि मेहनतीच्या वस्तूचे पुरे दाम घ्यावे, ही रीत आपल्या जुन्या पेढ्यांनाही ठाऊक होती.

तेव्हा मुलाने जोडभागासाठी पैसे मागितले तर नुसते रागावू नका किंवा मुकाट्याने देऊही नका. मूळ गेम याच्याशिवाय पुरा आहे का? यात नेमके काय मिळणार, हे आधी कळते का? ते किती दिवस आपले राहणार? एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरे समाधानकारक असतील तर दाम देण्यास हरकत नाही. आणि हेच तीन प्रश्न आपण आपल्या दुकानातील मालालाही अधूनमधून लावून पाहावेत. गिऱ्हाईक तोंडावर बोलत नसले, तरी मनात ते हेच विचारीत असते.