व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेची पायाभरणी शाळेतच व्हावी

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी शिक्षक, अभियंते, परिचारिका, शासकीय अधिकारी म्हणून ठिकठिकाणी कार्यरत आहेत, याचा अभिमान आपणा सर्वांना आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या नामवंत संस्थांत मात्र आपली मुले अजून शोधावी लागतात. 'ते शिक्षण व्यापारी घराण्यांतील मुलांचे, आपण स्पर्धा परीक्षा द्यावी,' असा समज आपल्या घराघरांत आहे. तो बदलावा, असे मला आग्रहाने वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. अर्थव्यवहार हे क्षेत्र आपल्यासाठी परके नाही, हेच यातून दिसते. सरकारी जागा मर्यादित आहेत. उद्योग, बँका, रुग्णालये, सहकारी संस्था यांचे निर्णय जेथे होतात, तेथेही आपली माणसे असली पाहिजेत.

भारतीय व्यवस्थापन संस्थांसाठी 'कॅट' ही परीक्षा सर्वसाधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरीस होते. इंग्रजी आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तिचे तीन विभाग असून प्रत्येकाला ४० मिनिटे मिळतात. यातील गणित बहुतांशी शालेय आहे : शेकडेवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, काळ-काम-वेग, बीजगणित, भूमिती. म्हणजे पदवीनंतर महागड्या शिकवणीत जे शिकावे लागते, त्याचा पाया आठवी ते दहावीच्या वर्गांतच घालता येतो. आपली मुले मागे पडतात ती बुद्धीने नव्हे. उशिरा मिळालेल्या माहितीने आणि इंग्रजी वाचनाच्या अभावाने.

मग सुरुवात कशी करावी? पदवीच्या दुसऱ्या वर्षी, कोणतीही तयारी न करता, एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून दोन तासांत सोडवावी. गुण कितीही कमी आले तरी खचू नये. चुकांची तीन गटांत नोंद करावी : विषयच येत नव्हता, येत होता पण वेळ पुरला नाही, आणि प्रश्न नीट वाचला नाही. पुढील अभ्यास या वहीने ठरवावा. पहिले काही महिने शालेय पुस्तकांतून गणित पक्के करावे, रोज इंग्रजी वृत्तपत्रातील एक अग्रलेख वाचून त्याचा सारांश चार ओळींत लिहावा आणि तर्काचे दोन संच सोडवावेत. सरावचाचण्या त्यानंतर, आणि जेवढा वेळ चाचणीला, तेवढाच तिच्या परीक्षणाला द्यावा.

आणखी एक सवय आपल्या मुलांना मोडावी लागेल. जागा कोरी सोडणे म्हणजे नामुष्की, असे आपण त्यांना शिकवले. कॅटमध्ये बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा होतो. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर सरासरीने हाती काहीच लागत नाही. कोणता प्रश्न सोडून द्यावा, हे ओळखणे हीच येथे अर्धी परीक्षा असते. सम्यक् व्यायाम म्हणजे केवळ पुष्कळ श्रम नव्हेत, योग्य दिशेचे श्रम, हे आपल्या वंदनेच्या सभागृहात वाढलेल्या मुलाला वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्राची स्वतंत्र एमबीए सीईटीही आहे. तिथे चुकीच्या उत्तराला गुणकपात नसते, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. दोन परीक्षांचे हे भान आधीपासून असावे.

पालकांनी कागदपत्रांकडे लक्ष द्यावे. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मिळतात; पण त्यासाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील जातीचे प्रमाणपत्र हवे. कॅटची नोंदणी सहसा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते आणि ती झाल्यावर प्रवर्ग बदलता येत नाही. पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४५. परीक्षाशुल्कही त्यांना निम्मे असते. राखीव जागा हा आपला घटनात्मक हक्क आहे. तो संकोचाने नव्हे, पूर्ण तयारीनिशी घ्यावा. शुल्काच्या आकड्याने धास्तावू नये. शैक्षणिक कर्ज मिळते, आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची उच्च श्रेणी शिक्षण शिष्यवृत्तीही आहे. तिच्या उत्पन्नमर्यादेची व अटींची चौकशी वेळेत करावी.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. देणगी द्यालच, पण महिन्यातील एक रविवारही द्या. वसतिगृहात सायंकाळच्या अभ्यासिकेत अर्धा तास इंग्रजी वाचनाचा ठेवता आला आणि नववीच्या मुलामुलींना या परीक्षेचे नाव तरी कानावर पडले, तर दहा वर्षांनंतरच्या स्मरणिकेत हा लेख लिहिण्याची गरज उरणार नाही.